काप

अण्णा दगड फोडायचे. मी दगड कापते.
त्यांना लागायचा चिरा, सहा इंची, चारी कोन सरळ;
मला लागतो केसाच्या निम्म्याहून पातळ पापुद्रा,
काचेवर चिकटवून घासत घासत न्यायचा
उजेड आरपार जाईल तिथवर.
एक हात जास्त फिरला की दगड संपतो.
हे सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ हसले.
"संपतो? आमचा तर कधी संपला नाही."

देगलूरच्या पुढे, काळी माती जिथं विरळ होते
आणि शेतात म्हशी बसाव्यात तसे
तांबूस टोळ बसलेत, तिथला हा तुकडा.
युरियाच्या पोत्यात घालून, मांडीवर धरून
अण्णांनी तो एसटीनं नांदेडला आणला.
कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं.
मी वहीत लिहिलं: नमुना १७, आणणारा: सायन्ना.

बोधनकर मॅडम सांगतात,
सगळे ग्रॅनाइट एका आईचे नसतात.
काही खोलच्या जुन्या खडकांचे.
काही मात्र चक्क चिखलाचे.
कुठल्या तरी डोंगराची झीज, नदीनं ओढत आणलेली,
वाळूवर गाळ, गाळावर वाळू,
मग त्या थरांवर अख्खे डोंगर चढलेले.
खाली जाता जाता इतकं खाली
की अभ्रकाला धीर धरवत नाही,
पोटात जपलेलं पाणी ते सोडतं.
नुसत्या धगीनं भागत नाही म्हणतात. पाणी लागतं.

मग कणाकणाच्या शिवेवर घाम.
थेंब थेंबाला हुडकतो,
भेगेतून ओघळ, ओघळाला ओघळ, वर.
एकदम काही येत नाही.
एक लोट येतो, थांबतो, अर्धामुर्धा गोठतो,
मागून दुसरा त्याला रेटतो.
अशानं लाखो वर्षांत
जमिनीच्या पोटात एक तालुका भरतो.
वर ऊन, वर पाऊस,
आणि डोळे असलेलं अजून काहीच जन्मलेलं नाही.

मी विचारलं, आपल्या देगलूरचा कुठला?
मॅडम म्हणाल्या, वाद आहे. काप लाव, बघू.

भिंगाखाली चकती फिरवली.
गार राखाडी झाली, पांढरी झाली, विझली.
अभ्रकात उरुसातल्या बांगड्यांचे रंग.
त्याच अभ्रकात एक बारका दाणा,
भोवती काळं वर्तुळ, जळल्याचा डाग असावा तसं.
"झिरकॉन," मॅडम म्हणाल्या. "आत बघ, त्याच्या आत."
आत आणखी एक दाणा. बाहेरचे कोपरे धारदार,
आतला गोटीसारखा घासलेला.
"बाकीचं वितळलं. हा नाही वितळला.
ही गोलाई नदीची असू शकते."
मी श्वास धरला.
"असू शकते, म्हटलं. एका दाण्यावर मी काही लिहिणार नाही.
अजून दहा काप कर."

रात्री अण्णांना फोन.
"कुठली नदी? लेंडी?"
नाही, लेंडीच्या खूप आधीची.
"नाव काय तिचं?"
नाव ठेवायला कुणी नव्हतं.
ते गप्प. मागे टीव्ही चालू, कुणाची तरी खोकल्याची उबळ.
मग म्हणाले,
"तो दगड एका अंगानं पाचरीला लगेच ऐकतो,
दुसऱ्या अंगानं दिवसभर ठोका, ऐकत नाही.
चाळीस वर्षं हाताला लागत होतं,
हा कधीतरी वाहिलेला आहे.
विचारायचं कुणाला?"

दहातले सात काप झाले.
आठवा घासताना पोत्याचा, कंडक्टरचा विचार आला
आणि हात जास्त फिरला.
काचेवर काही उरलं नाही.
बेसिनमध्ये पिठूळ पाणी,
तिथून नाली, नालीतून गोदावरी,
पुढे कुठे साचेल कोण जाणे.
नळ मी जरा उशिरा बंद केला.